पुलाखालचा राक्षस आणि पेटंटचा दावा

प्रश्न : खोडसाळ दाव्यांच्या बातम्यांत 'पेटंट ट्रोल' हा शब्द वारंवार वाचनात येतो. समाजमाध्यमांवर लोकांना छळणारा ट्रोल तो हाच का? हा शब्द रूढ कोणी केला?

उत्तर : शब्द एकच दिसत असला तरी दोहोंची वाट वेगळी आहे. इंटरनेटवरील ट्रोलिंगचे मूळ सहसा मासेमारीत दाखवले जाते. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत नेणे, हा त्याचा अर्थ. पेटंट ट्रोल मात्र स्कँडिनेव्हियाच्या लोककथांतला राक्षस आहे. नॉर्वेच्या एका कथेत तो पुलाखाली दबा धरून बसतो आणि पलीकडच्या कुरणाकडे निघालेल्या तीन बोकडांना खाऊन टाकण्याची धमकी देतो.

हा शब्द १९९० च्या दशकातही तुरळक आढळतो, पण तो रूढ झाला २००१ च्या सुमारास, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या अमेरिकेतील इंटेल कंपनीचे वकील पीटर डेटकिन यांच्यामुळे. त्याआधी इंटेलने, केवळ पेटंट हाती धरून पैसे मागणाऱ्या दावेदारांना सरळ 'पेटंट खंडणीखोर' म्हटले होते आणि त्यावरून बदनामीचा दावा ओढवून घेतला होता. दुसरा शब्द शोधणे भागच होते; तो सहकारी वकील ॲन गुंडेलफिंगर यांनी सुचवला. मला तो विलक्षण नेमका वाटतो, कारण पूल राक्षसाने बांधलेला नसतो, तरी वाट तोच अडवतो. स्वतः कोणतीही वस्तू न बनवता, विकत घेतलेल्या पेटंटच्या जोरावर इतरांकडून पैसे मागणाऱ्याचे वर्णन याहून चांगले काय असणार?

अमेरिकेत सामान्यतः ज्याचा त्याने वकिलाचा खर्च सोसायचा असतो, म्हणून निर्दोष प्रतिवादीलाही लढण्यापेक्षा तडजोड स्वस्त पडते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण समोरचा पाळणार, याच खात्रीवर हा व्यवहार चालतो. २००६ मध्ये ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पेटंटचा भंग सिद्ध झाला तरी मनाई हुकूम, म्हणजे पेटंटचा वापर थांबवण्याचा आदेश, आपोआप मिळणार नाही असे ठरवले, तेव्हा दावेदारांच्या हातचे एक मोठे हत्यार बोथट झाले.

मात्र हा शब्द जपून वापरावा. उत्पादन न करणारे विद्यापीठ किंवा भांडवल नसलेला एकटा संशोधक आपला हक्क मागतो, तेव्हा तो ट्रोल ठरत नाही. स्वतः डेटकिन पुढे पेटंटांचा मोठा साठा बाळगणाऱ्या इंटलेक्चुअल व्हेंचर्स या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, आणि टीकाकारांनी तिलाही हेच नाव दिले.