मी खरी चित्रकार आहे का?

लेखक, गायक, नट, चित्रकार माझ्याकडे समुपदेशनासाठी निरनिराळ्या तक्रारी घेऊन येतात, पण त्यांतल्या अनेकांकडून कधी ना कधी एक वाक्य ऐकू येतेच: “लोकांना वाटतं तेवढं माझ्यात काही नाही, आणि एक दिवस ते उघडं पडणार.” पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये या अनुभवाचे वर्णन केले. आज तो ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. मात्र मानसिक आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याची गणना होत नाही, हे मी आरंभीच स्पष्ट करते.

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या एका बाईंची हकीकत त्यांच्या संमतीने, तपशील बदलून सांगते. पुरस्कार मिळाल्यापासून त्यांचे काम अडले होते. एकच चित्र त्या रात्र रात्र जागून पुन्हा काढत आणि नवी कामे नाकारत.

“पुरस्कारानंतर धीर यायला हवा होता ना?” मी विचारले.

“उलट भीती वाढली. आता जास्त लोक बघणार.”

कौतुकाने हा संशय का मिटत नाही, ते या उत्तरात आहे. क्लान्स यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, अशी व्यक्ती नव्या कामाच्या धास्तीने एकतर अतोनात तयारी करते किंवा चालढकल करून ते ऐनवेळी उरकते. मग यशाचे श्रेय पहिल्या वेळी कष्टांना आणि दुसऱ्या वेळी नशिबाला जाते, स्वतःच्या क्षमतेला कधीच मिळत नाही. त्यातून कलेत ठरलेले बरोबर उत्तर नसते, आणि आपली सगळी खाडाखोड आपल्याला दिसते, तर इतरांची फक्त पूर्ण झालेली कलाकृती. म्हणून मी अशा व्यक्तीला ‘तुम्ही छानच काढता’ असा दिलासा देत नाही.

मी त्यांना बाद केलेली चित्रे आणायला सांगितले आणि प्रत्येक का बाद केले ते विचारले. आधी अवघडलेल्या बाई हळूहळू मोकळेपणाने बोलू लागल्या: इथे मुलगी धावते आहे, पण तिच्या शरीराचा भार पुढे गेलेला नाही, इथे झाडाचा हिरवा रंग तिच्या चेहऱ्यावरून नजर खेचून घेतो. त्या तासाभरात ‘मी’ हा शब्द त्यांच्या बोलण्यात जवळजवळ आला नाही.

शेवटी त्यांनी विचारले, “म्हणजे मी खरी चित्रकार आहे ना?”

“याचं उत्तर मी देणार नाही. मी ‘हो’ म्हटलं, तर उद्या पुन्हा कुणाला तरी विचारावं लागेल. चित्राचा भार चुकला, तर तो दुरुस्त करता येतो. पण अख्खा माणूस खरा की खोटा, हे कशावरून ठरवणार?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हा प्रश्नच सोडून दिला तरी चित्र काढता येईल.”

माझ्या कामाचा पाया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर आहे. कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, त्यावरून माणसाचे करू नये, ही त्यांची शिकवण मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे; पण ती दुसऱ्याने सांगून उमगत नाही, स्वतःच्या कामातून गवसावी लागते, आणि तसे घडताना पाहणे हे मी माझ्या व्यवसायाचे सर्वांत मोठे समाधान मानते.

अशा अवस्थेत असणाऱ्यांनी भीती जाण्याची वाट पाहू नये. ती असतानाच काम स्वीकारावे. कुणी कौतुक केले, तर ते खोडून न काढता ‘आभारी आहे’ इतकेच म्हणावे आणि नेमके काय आवडले ते विचारावे. अपुरे काम विश्वासातल्या एखाद्या समव्यवसायीला दाखवावे, म्हणजे त्याचीही खाडाखोड पाहायला मिळते. झोप उडाली असेल किंवा उदासी आठवडेच्या आठवडे टिकत असेल, तर मात्र तज्ज्ञाची भेट लांबणीवर टाकू नये.

बाईंनी पुढचे पुस्तक घेतले, तेव्हा धाकधूक होतीच. तरीही त्यांनी कच्ची रेखाटने संपादकांकडे पाठवली. संपादकांनी दोन बदल सुचवले; एक त्यांनी लगेच केला, आणि दुसरा का करू नये, हे त्यांनी कारणांसह लिहून कळवले.