चेक करा, खूण करा की टिक करा?

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरकडचा एक विद्यार्थी केळी उत्पादकांच्या गटासाठी डेस्कटॉपवर चालणारा नोंदींचा प्रोग्रॅम लिहितोय, पायथॉनमध्ये, टीकेइंटर (खिडक्या-बटणं बनवायचं पायथॉनचं साधन) वापरून. त्याचा प्रश्न असा: चेकबॉक्सला, म्हणजे क्लिक केलं की बरोबरची खूण उमटते त्या छोट्या चौकोनाला, मराठीत काय म्हणायचं? कुठेतरी त्याला ‘तपासपेटी’ दिसलं. ते चालेल का, आणि शेजारी ‘चेक करा’ लिहावं की ‘खूण करा’?

तपासपेटी नकोच. हा शब्द ऐकून मला डॉक्टरांची बॅग आठवते. घोळ ‘चेक’मध्ये आहे. अमेरिकन इंग्रजीत बरोबरच्या खुणेलाच चेक म्हणतात, ब्रिटिश इंग्रजीत टिक. आपण मराठीत ‘चेक कर’ म्हणतो ते ‘नीट बघून घे’ या अर्थानं. त्यातून तुमचा प्रोग्रॅम केळीचा. रावेर-सावद्याकडे बॉक्स म्हणजे निर्यातीच्या केळीचा तेरा-साडेतेरा किलोचा पुठ्ठ्याचा खोका. ‘बॉक्स चेक करा’ वाचून कुणी खोका उघडून फण्या मोजायला बसला, तर चूक त्याची नाही.

‘खूण करा’ हे शुद्ध आणि सुंदर मराठी, पण आपल्याकडे त्याला एक अडचण आहे. खानदेशातल्या अहिराणीत काय नि लेवा गणबोलीत काय, ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी ते पानी, कोण ते कोन. यावलचे माझे मामा एका अर्जावरचं ‘येथे खूण करा’ मोठ्यानं वाचायचे आणि वर विचारायचे, “खून करा? कोनाचा?” (खून हा शब्द फारसीतला, मूळ अर्थ रक्त.) लिहिलेलं सगळ्यांना कळतं, हे खरं. पण असे प्रोग्रॅम एकजण वाचतो आणि दुसरा क्लिक करतो, म्हणून मी कानाचाही विचार करतो.

माझं मत ‘टिक करा’ला. शाळेत गुरुजींनी टिक मारलेली सगळ्यांनी पाहिलेली असते. फक्त बटणावर नुसतं ‘टिक’ लिहू नका; ते ‘तग धर’ असंही वाचता येतं. वस्तूचं नाव सांगायची वेळ आलीच, तर ‘चौकट’ पुरे. ‘रकाना’ नको, त्यात काहीतरी लिहायचं असतं असं वाटतं. कोडमध्ये मात्र मराठीचा हट्ट नको. तिथे इंग्रजीचंही एकमत नाही: टीकेइंटर म्हणतं चेकबटन, क्यूटी नि स्विंग ही तसलीच दुसरी साधनं म्हणतात चेकबॉक्स.

खरं तर चौकटीशेजारी ‘करा’ कशाला हवं? तिथे असं विधान लिहा की टिक केली म्हणजे ‘हो’. ‘ठिबक आहे’, ‘पीकविमा घेतला’. ‘पावती नको’ असलं काही लिहू नका. टिक नसली तर पावती हवी की नको, यावर भांडणं होतात. आणि मृगबाग की कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम), हे चेकबॉक्सचं कामच नव्हे. एका प्लॉटची लागवड दोन्हींपैकी एकच असते, तिथे अनेकांतून एकच निवडू देणारं रेडिओ बटण द्या.

आणखी एक. टीटीकेची, म्हणजे टीकेइंटरमधल्याच थीमवाल्या बटण-चौकटींच्या संचाची, ‘क्लॅम’ थीम निवडली असेल तर चौकटीत टिकऐवजी फुली उमटते. आपल्याकडे फुली म्हणजे चुकलं, कटलं. ती थीम बदला, नाहीतर ‘विमा घेतला’पुढची फुली बघून शेतकरी हादरेल. तसंच टीटीकेच्या चेकबटनाला बूलियनव्हार (हो की नाही एवढंच साठवणारा चल) जोडला नाही, तर ते सुरुवातीला ना भरलेलं ना रिकामं अशा तिसऱ्या अवस्थेत दिसतं. ती चूक.

पण सगळ्या प्लॉटची मिळून एक वरची चौकट ठेवलीत, तर हीच तिसरी अवस्था कामाची. तिला बरेचजण ‘अनिश्चित’ म्हणतात, ते मला पटत नाही. सातपैकी चार प्लॉटना ठिबक आहे, यात अनिश्चित काय? सरळ ‘काही प्लॉट’ लिहा.