विगाराचे घर की मठ?

प्रश्न असा आहे: गोव्यातल्या एका लहान गावी चर्चला लागून पाद्रींचे जुने घर आहे. त्याचा इतिहास मराठीत लिहिताना त्या घराला पार्सनेज म्हणावे, पाळकनिवास की मठ?

पहिले दोन शब्द इथे नकोत. 'पार्सनेज' म्हणजे प्रॉटेस्टंट पाळकाचे घर, आणि 'पाळक' हा महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा शब्द. नगर-सोलापूरकडे पाळकसाहेबांचे घर म्हटले की बायकामुलांसह नांदते घर डोळ्यांपुढे येते. कॅथलिक पाद्री अविवाहित. गोव्यात इगर्जीच्या म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रीला विगार म्हणतात (मूळ पोर्तुगीज 'विगारिउ'), त्याच्या मदतनिसाला कूर. तेव्हा 'विगाराचे घर' हाच नेमका शब्द. बार्देश-सासष्टी या गोव्यातल्या तालुक्यांतल्या हिंदू वाचकालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

'मठ' मात्र काळ पाहून वापरावा. सोळाव्या शतकापासून बार्देश फ्रान्सिस्कन या कॅथलिक धर्मसंघाकडे होता आणि सासष्टी जेझुइट या दुसऱ्या संघाकडे. फ्रान्सिस्कन पाद्री आपल्या संघाचे नियम पाळून एकत्र राहत, त्यांच्या मोठ्या वास्तूंना मठ शोभतो. जेझुइटांची राहणी मठाची नव्हे. त्यांच्या वास्तूंना निवास किंवा कॉलेज म्हणावे. रायतूर ऊर्फ राशोलचे त्यांचे कॉलेज तर आपल्या भाषेच्या इतिहासातलेच ठिकाण: फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये तिथे छापले गेले. अशा जागेला सरसकट 'पाद्रीनिवास' म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

पुढे १७५९ मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने जेझुइटांना हाकलले. १८३४ मध्ये पोर्तुगालने उरलेले पुरुषसंघ बरखास्त केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातले मठ रिकामे झाले. १७५९ नंतरच्या या काळात इगर्जी कोणत्याही संघात नसलेल्या, बहुतांशी गोमंतकीय पाद्रींच्या हाती आल्या. भिंती त्याच राहिल्या, तरी आत राहणारा आता विगार होता. साळगावची इगर्ज तर १८७३ ची, म्हणजे मठ बंद झाल्यानंतरची. तिच्या पाद्रीच्या घराला मठ म्हणणे सरळ चूक ठरेल.

तुमची वास्तू सासष्टीतली आणि जेझुइटांनी बांधलेली असेल तर शीर्षकात 'विगाराचे घर' ठेवा आणि पहिल्याच परिच्छेदात लिहा: '१७५९ पर्यंत जेझुइटांचा निवास, त्यानंतर विगाराचे घर.' बार्देशातली फ्रान्सिस्कनांची असेल तर साल आणि शब्द दोन्ही बदलतील.