हिमनदीवर गाईड म्हणून न्यूझीलंडला येऊ इच्छिणाऱ्यास

पुण्यातील आयटी कंपनीतली नोकरी सोडून न्यूझीलंडमध्ये हिमनदीवर गाईड म्हणून काम करण्याचा तुमचा विचार आहे, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक आणि ॲडव्हान्स हे दोन्ही कोर्स तुम्ही केले आहेत, आणि तेवढ्यावर इथे काम मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रान्झ जोसेफ या गावात राहतो आणि हेच काम करतो. त्या कोर्सचा उपयोग निश्चित होतो. परंतु प्रमाणपत्र दाखवताच पाहुण्यांचा गट तुमच्या हाती दिला जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये. साहसी उपक्रम चालवणाऱ्या कंपन्यांना २०१६ च्या नियमांनुसार बाहेरच्या परीक्षकाकडून सुरक्षा-तपासणी करून घ्यावी लागते व नोंदणी टिकवावी लागते. त्यामुळे तुम्ही पूर्वी काय शिकलात यापेक्षा, कंपनीने तिच्या पद्धतीने तुम्हाला पारखून घेतले आहे की नाही, याला अधिक वजन असते. पुढे न्यूझीलंड माउंटन गाईड्स असोसिएशनची पात्रता मिळवली, तरच या व्यवसायात वर सरकता येते.

इथला बर्फही वेगळा आहे. गढवालमधील डोकरियानी बामक या हिमनदीवर तुम्ही सराव केला असेल, तर तिथली उंची, थंडी आणि विरळ हवा तुमच्या लक्षात असेल. इथे तसे काही नाही: हिमनदी घनदाट पर्जन्यवनाजवळ, कमी उंचीपर्यंत उतरते, समुद्रावरून येणारे वारे वरच्या रुंद खोऱ्यात प्रचंड हिम टाकतात आणि ते सारे एका अरुंद, तीव्र उताराच्या घळीतून खाली ढकलले जाते. म्हणून काही भागांत बर्फ दिवसाला अर्धा मीटर किंवा त्याहूनही अधिक सरकतो. काल पाहुण्यांना जिथून नेले, तिथे आज क्रेव्हास, म्हणजे बर्फातली खोल भेग, उघडलेला असू शकतो.

यामुळे या कामाचा मोठा भाग म्हणजे खोदकाम. सकाळी पहिल्या हेलिकॉप्टरने वर गेल्यावर कालच्या पायऱ्या पाहाव्यात, तर पावसाने आणि उन्हाने त्यांच्या कडा गोल झालेल्या असतात. पाण्याने भरलेली पायरी तर घसरगुंडीच. मग लांब दांड्याच्या कुदळीने प्रत्येक पायरी पुन्हा तासायची, ती किंचित आतल्या बाजूला झुकलेली ठेवायची, आणि ज्याने आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही अशा साठीच्या पाहुण्याचाही पाय तिथे पूर्ण टेकेल एवढी रुंद करायची. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर तयार झालेल्या माणसाला हे कंटाळवाणे वाटते, हे मी जाणतो. मला विचाराल तर, ज्याला हे आवडत नाही त्याने इथे येऊ नये.

बर्फावरील प्रत्यक्ष चढाईचे दिवस त्यामानाने कमी असतात. त्या दिवशी पाहुणे भिंतीशी येण्याआधी वरचा अँकर, म्हणजे दोर अडकवण्याचा पक्का आधार, बांधलेला असावा लागतो. आइस स्क्रूने, म्हणजे बर्फात फिरवून बसवायच्या पोकळ धातूच्या स्क्रूने, दोन तिरकी भोके अशी पाडायची, की ती आत एकमेकांना मिळतील. त्यातून दोरी ओवून गाठ मारायची. आधारासाठी बर्फातच ठेवलेले स्क्रू ऊन लागले की तापतात आणि भोवतीचा बर्फ वितळून ढिले होतात, म्हणून ते बर्फाच्या चुऱ्याने झाकायचे आणि वरचेवर तपासायचे. खाली मात्र तुमचे सारे लक्ष माणसांकडे असते: कोणाचा क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे काटे) सैल आहे, कोण भीतीने गप्प झाले आहे.

२०१२ पर्यंत फ्रान्झ जोसेफवर दरीतून चालत जाता येत असे. हिमनदीचे टोक खचल्यापासून ती वाट बंद आहे. शेजारच्या फॉक्स हिमनदीवरही २०१४ पासून हेलिकॉप्टरनेच जावे लागते. याचा तुमच्या पगाराशी थेट संबंध आहे. वर्षाला कित्येक मीटर पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर ढग उतरले की उड्डाणे रद्द होतात, कधी सलग काही दिवस. म्हणून करारात किमान तासांची हमी आहे का, उड्डाण रद्द झाल्यास त्या दिवसाचे काय, आणि राहण्याची सोय कंपनी करते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन ताशी २३.५० न्यूझीलंड डॉलर झाले होते. नवख्या गाईडने त्याहून फार मोठी आशा धरू नये. तुमच्या सध्याच्या पगारातून होणारी बचत इथे होणार नाही. गावात घरे मोजकीच आहेत, त्यामुळे बहुतेक जण एकाच घरात चार-पाच जण मिळून राहतात. अपघात झाल्यास मात्र एसीसी ही सरकारी योजना उपचारांचा खर्च उचलते आणि पहिल्या आठवड्यानंतर उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई देते.

व्हिसाच्या बाबतीत क्रम उलटा करू नका. पर्यटक म्हणून येऊन काम शोधू असे म्हणणारे बरेच भेटतात. २०२२ पासून लागू असलेल्या कामाच्या व्हिसासाठी आधी मान्यताप्राप्त मालकाकडून नोकरीचा प्रस्ताव हवा, आणि त्या जागेसाठी स्थानिक माणूस मिळतो का, हे त्या मालकाने साधारणपणे जाहिरात देऊन पाहिलेले असावे लागते. युरोपातील अनेक तरुण वर्किंग हॉलिडे व्हिसावर, म्हणजे फिरता फिरता तात्पुरते काम करू देणाऱ्या व्हिसावर, येतात, त्यांच्यासाठी कंपनीला एवढी खटपट करावी लागत नाही. तुमची स्पर्धा त्यांच्याशी आहे. म्हणून राजीनामा देण्यापूर्वी हिमालयात दोन-तीन हंगाम व्यावसायिक मोहिमांवर पाहुणे सांभाळण्याचे काम करा, त्याची तारीखवार नोंदवही आणि पर्यवेक्षकांची पत्रे ठेवा, दुर्गम भागातील प्रथमोपचाराचा दीर्घ कोर्स करा, आणि इथला उन्हाळा डिसेंबरात सुरू होत असल्यामुळे जून-जुलैपासूनच कंपन्यांना लिहायला लागा.