काढणीला पाऊस लागला की मूग शेंगेतच का उगवतो?

खरा खेळ दोन हार्मोन्सचा आहे, कोंब दाबून ठेवणारं ॲब्सिसिक ॲसिड आणि कोंब फुटायला लावणारं जिबरेलिन. दाणा भरत असताना पहिलं वाढतं, त्याच्यामुळे दाण्यात प्रोटीन साठतं, सुकायची तयारी होते आणि कोंब दाबून राहतो. पण शेंग वाळायला लागली की तेच कमी होत जातं, आणि मुगात मुळात सुप्तावस्था, म्हणजे पिकल्यावरही दाण्याने न उगवता झोपून राहणं, फार थोडी, म्हणून वाळलेल्या शेंगा दोन-तीन दिवस सलग भिजल्या की दाणा पाणी ओढतो, जिबरेलिन जोर धरतं आणि साल फाडून मोड बाहेर.

भुईमुगात बघा, उपट्या (उभ्या वाढणाऱ्या) जातींचे दाणे काढणी लांबली की जमिनीतच उगवतात आणि पसऱ्या जातींचे बरेच आठवडे उगवत नाहीत, म्हणजे सुप्तावस्थेचा हा गुण जीन्समधूनच येतो. मक्यात तर व्हीपी-१ नावाचा जीन बिघडला की ॲब्सिसिक ॲसिड असूनही दाणा त्याला दाद देत नाही आणि कणसावरच कोंब फुटतात!

बाकी तुमच्यासाठी एवढंच, शेंगा काळ्या पडल्या आणि पावसाचा अंदाज असेल तर सगळं रान एकदम वाळायची वाट बघू नका, पहिली तोडणी लगेच उरकून शेंगा छपराखाली पातळ पसरून ठेवा.