वहाळात मासे परत आणायचे तर मत्स्यबीज सोडावे काय?

प्रश्न : आमच्या गावच्या वहाळात पहिल्या पावसाबरोबर चढणीचे मासे भरपूर येत असत. आता उन्हाळ्यात उरणाऱ्या कोंडींत तिलापिया हा परका मासाच जास्त दिसतो. यंदा मत्स्यबीज, म्हणजे माशांची लहान पिल्ले, आणून सोडावे, असे ग्रामस्थांचे म्हणणे आहे. अमेरिकेतील राज्यांनी ब्रुक ट्राउट हा मूळचा मासा ओढ्यांत परत आणला, असे वाचले. तो बीज सोडूनच आणला काय?
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : बीज सोडणे ही त्या कामातली शेवटची पायरी आहे. पूर्वी तीच पहिली मानली गेली आणि त्यातून मोठी हानी झाली, हे ग्रामस्थांना अवश्य सांगावे.

ब्रुक ट्राउट हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील थंड ओढ्यांचा मासा. गडद पाठीवर फिकट नागमोडी रेषा, कुशीवर निळ्या कड्यात बसवल्यासारखे लाल ठिपके आणि खालच्या परांना पांढरी किनार, अशी त्याची ओळख. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो कासावीस होतो. मादी शेपटीने खडी उकरून, शक्यतो तळातून झरा फुटतो अशा जागी अंडी घालते. जंगलतोडीने ओढ्यांवरची सावली गेली, त्या खडीत गाळ बसला आणि मासा कमी झाला. मग ती उणीव भरून काढण्यासाठी सरकारी मत्स्यबीज केंद्रांतून परके मासे सोडले गेले. १८८३ मध्ये जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी आली, पश्चिमेकडचा रेनबो ट्राउटही पूर्वेत आणला गेला, आणि या दोघांनी मूळच्या माशाला डोंगरमाथ्याकडच्या चिंचोळ्या झऱ्यांत रेटले.

आता काम उलट्या क्रमाने चालते. पाण्यात बेताचा वीजप्रवाह सोडून मासे क्षणभर गुंगवतात, मोजतात, जनुकीय तपासणीसाठी पराचा कणभर तुकडा घेतात आणि त्यांना परत सोडतात. त्यानंतर, परका मासा ज्याच्यावर चढू शकत नाही असा धबधबा शोधून त्याच्या वरच्या ओढ्यातले परके मासे आधी काढून टाकतात. टेनेसी राज्यातील लिन कॅम्प प्राँग या ओढ्यात २००८ पासून अँटिमायसिन हे माशांवरचे विष वापरून रेनबो ट्राउट काढला गेला आणि जवळपासच्या ओढ्यांतले मूळचे मासे तेथे नेऊन सोडले गेले. न्यूयॉर्क राज्यात आम्लवर्षेने बाधित झालेल्या काही तळ्यांत चुना टाकून पाणी सुधारावे लागले. अँटिमायसिनसारखे विष प्रशिक्षित माणसेच परवानगीने वापरतात. आपल्याकडे ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात, त्याच्याशी याची गल्लत कोणीही करू नये.

हाच ब्रुक ट्राउट आयडाहोत मात्र उपरा आहे. तेथे तो स्थानिक कटथ्रोट ट्राउटला मागे सारतो, म्हणून ज्यांची सर्व पिल्ले नरच निपजतात असे खास नर सोडून त्याची संख्या घटवण्याचे प्रयत्न त्या राज्याने चालवले आहेत. मासा चांगला की वाईट, हे तो कोणत्या पाण्यात आहे यावरून ठरते.

आपल्या वहाळाला धबधब्याचा उपाय सरसकट लावता येणार नाही, कारण चढणीच्या माशांना वर जाण्याची वाट खुलीच हवी. अमेरिकेतही ही अडचण आहे : रस्त्याखालच्या उंच पाइपमोऱ्या बदलून मूळ माशांची वाट मोकळी करताना त्याच वाटेने परका मासा वर जाणार नाही ना, हे आधी पाहावे लागते. म्हणून बाजारातले बीज तूर्त आणू नये. वयस्कर मंडळींकडून जुन्या माशांची नावे आणि जागा लिहून घ्याव्यात, उन्हाळ्यात आटलेल्या कोंडींतून तिलापिया जाळ्याने काढत राहावा आणि काठाची झाडे तोडू नयेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे म्हणून माशांना कोणी हात लावत नाही. तशी एखादी कोंड गावानेही राखून ठेवावी.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री विजेरी घेऊन रस्त्याच्या मोरीखाली जाऊन पाहावे. मासे उडी मारून पुन्हा खालीच पडत असतील, तर ग्रामपंचायतीने बीजासाठी ठेवलेला पैसा आधी त्या मोरीवर खर्च करावा.