रेसिडेंट डॉक्टरने मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या) आंदोलनात पुढे राहिलं तर डिग्री अडकते का?

नाही अडकत. माझी नाही अडकली. पण तुम्ही मेस्माला (अत्यावश्यक सेवांतला संप रोखणाऱ्या कायद्याला) घाबरताय, मी म्हणेन थिसिसवर सही करणाऱ्या गाईडला घाबरा.

मार्च 2017 मध्ये धुळ्यात ऑर्थोच्या रेसिडेंटला पेशंटच्या नातेवाइकांनी डोळा निकामी होईपर्यंत मारलं, आणि राज्यभरातले रेसिडेंट सामूहिक रजेवर गेले. रुजू व्हा, नाहीतर सहा महिन्यांचा पगार कापू, असं मंत्र्यांनी सांगितलं. हायकोर्टानेही झापलं. हे सगळं पेपरात आलं.

मी तेव्हा मेडिसिनला जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, आमच्या मार्डची निवेदनं लिहिणारा. (कॉलेजचं नाव घेत नाही, ती मंडळी अजून तिथेच आहेत.) हॉस्टेलच्या दारावर खोली रिकामी करायची नोटीस डकवली, त्याचं काही वाटलं नाही, सगळ्यांच्याच दारावर होती. मग घरी फोन गेला. वडील झेडपीचे शिक्षक. त्यांना सांगितलं, मुलाला समजवा, काळ्या यादीत नाव जाईल. अशी कुठलीही यादी नसते, पण ते अण्णांना कोण सांगणार? "शिकायला गेलायस की पुढारीपणा करायला?" एवढंच म्हणाले, आणि मग कितीतरी दिवस फोनवर फक्त आई.

सगळे कामावर परतल्यावर माझा थिसिस गाईडकडून परत आला. मजकुराला हात नाही, लाल पेनने फक्त समासांना गोल. समास सुधारले तर तक्त्यांचा फॉन्ट. तो बदलला तर पुन्हा समास. ऑफिसातला क्लार्क मान वर न करता म्हणाला, "डॉक्टर, तुमची फाइल खालीच ठेवा म्हणालेत." (चहा मात्र त्यानेच पाजला.) सही झाली सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी. लेखी पुरावा शून्य. तक्रार कशाची करणार, समासाची?

आमचा एक बॅचमेट त्या दिवसांत ड्यूटीवर होता. आता तो असिस्टंट प्रोफेसर आहे आणि ग्रुपवर लिहितो, "आम्ही राजकारण नाही केलं, पेशंट बघितले." बाबा रे, कॅज्युअल्टी लेक्चरर लोकांनी ओढली, तू ओपीडीत बसला होतास. त्या आंदोलनानंतर सरकारने 1100 सुरक्षारक्षक कबूल केले. त्यातला एक तुझ्या वॉर्डाच्या दाराशी उभा असायचा, त्याला तू कधी परत पाठवल्याचं ऐकलं नाही. मारहाण होऊ नये असं म्हणणं राजकारण असेल तर गप्प बसणंही राजकारणच आहे, फक्त त्याला एचओडीचा, म्हणजे विभागप्रमुखाचा, आशीर्वाद असतो.

असो. तुम्ही उतरा. पण थिसिस आधी सबमिट करा. पुन्हा आंदोलन करणार नाही अशा हमीपत्रावर एकट्याने सही करू नका, द्यायचंच झालं तर सगळ्यांनी मिळून. घरच्यांना फोन येण्याआधी तुम्हीच सांगून ठेवा. इमर्जन्सी बंद करायच्या बाजूने मी तेव्हाही नव्हतो, खेड्यातून आलेल्या बाईने कुठे जायचं? आणि हे सगळं सरकारी कॉलेजचं. खासगीत असाल तर माझा अनुभव फारसा उपयोगाचा नाही, तिथल्या सीनियरना विचारा.